गोल्डन कॅन्यन आणि टाकणखाराच्या खाणी: डेथ व्हॅलीत मुलाबाळांसह एक दिवसाची पायपीट

लास वेगासहून कॅलिफोर्नियातल्या डेथ व्हॅली राष्ट्रीय उद्यानात एका दिवसात जाऊन येणारे बहुतेक जण गाडीतून चार-पाच ठिकाणी उतरतात, फोटो काढतात आणि परत फिरतात. तेवढ्याच वेळात मुलांना घेऊन एक अख्खी घळ चालून होते. शिवाय 1880च्या दशकात या उजाड मातीतून टाकणखार (बोरॅक्स) कसा काढत होते, तेही समोर बघायला मिळतं. गोल्डन कॅन्यनमधून वर चढायचं, गावर गल्च नावाच्या शेजारच्या घळीतून खाली उतरायचं आणि त्याला हार्मनी बोरॅक्स वर्क्स या जुन्या टाकणखाराच्या कारखान्याचे अवशेष जोडायचे, असा हा बेत आहे.

वाट तशी सोपी आहे. लोक फसतात ते उशिरा सुरुवात करून, पाणी कमी नेऊन आणि 'आता आलोच आहोत तर' म्हणत पुढे जात राहून. म्हणून खालच्या पायऱ्या दिवस जसा उलगडत जातो त्याच क्रमाने दिल्या आहेत.

1. आधी महिना ठरवा

नोव्हेंबर ते मार्च. याबाहेर ही पायपीट कुटुंबासह करू नका. फर्नेस क्रीक या खोऱ्यातल्या वस्तीवर जानेवारीत दिवसाचं सरासरी कमाल तापमान 19-20 अंश सेल्सियस असतं, नोव्हेंबरात 25, मार्चमध्ये 28. एप्रिलमध्ये ते 32 वर जातं आणि जुलैमध्ये 47 वर. 10 जुलै 1913 रोजी याच फर्नेस क्रीकला (तेव्हा त्याला ग्रीनलँड रँच म्हणत) 56.7 अंशांची नोंद झाली. हवेच्या तापमानाचा जागतिक विक्रम म्हणून आजही हाच आकडा दिला जातो, आणि आपली घळ तिथून काही मैलांवरच आहे.

भारतातून आई-बाबा येतात ते बहुधा मे ते ऑगस्टमध्ये, शाळांच्या सुट्ट्याही तेव्हाच. नेमका याच काळात बेत फसतो. उन्हाळ्यात सखल भागात सकाळी 10 नंतर चालू नका, असं उद्यान प्रशासन स्पष्ट सांगतं. अति उष्णतेत हवा विरळ होते आणि सुटकेसाठीच्या हेलिकॉप्टरला पुरेसा उठाव मिळत नाही, म्हणजे वेळ आली तर ते येईलच याची खात्री नाही. उन्हाळ्यातच जायचं असेल तर झाब्रिस्की पॉइंट (घळ वरून बघायची जागा) आणि हार्मनी भल्या पहाटे गाडीने उरका. घळ पुढच्या खेपेला.

डिसेंबर-जानेवारीत अडचण उलटी असते. सूर्य साडेचारच्या सुमारास मावळतो, आणि डोंगराआड तर त्याच्याही आधी जातो. दुपारी 2 नंतर मोठा फेरा सुरू करू नका.

2. कोणी किती चालायचं ते घरीच ठरवा

तीन पर्याय आहेत आणि तिन्ही एकाच वाहनतळावरून सुरू होतात.

अर्धा-पाऊण मैल आत जाऊन परत. सत्तरीतले आई-बाबा आणि चार-पाच वर्षांची मुलं यांच्यासाठी हा ठीक आहे. चढ हळूहळू येतो, वाट रुंद आहे, पायाखाली खडी आणि वाळू. मधे एक-दोन ठिकाणी दगडांवरून पाय उचलून टाकावा लागतो, गुडघे दुखणाऱ्यांनी काठी घ्यावी.

रेड कॅथीड्रल नावाच्या लाल कड्यांपर्यंत जाऊन त्याच वाटेने परत. येऊन-जाऊन सुमारे 3 मैल (4.8 किमी), चढ साधारण 175 मीटर. मोठ्यांना दीड ते दोन तास, मुलं बरोबर असतील तर अडीच धरा.

गोल्डन कॅन्यन चढून गावर गल्चने उतरण्याचा पूर्ण फेरा. सुमारे 4.3 मैल (7 किमी), चढ 250 मीटरच्या आसपास. मुलांसह साडेतीन-चार तास. खाणकामाच्या खुणा फक्त याच फेऱ्यात लागतात. एका दमात पाच-सहा किलोमीटर चालण्याची सवय असलेलं, सात-आठ वर्षांच्या वरचं मूल असेल तरच हा घ्या. याला रेड कॅथीड्रल जोडलं तर जवळजवळ एक मैल वाढतो.

झाब्रिस्की पॉइंटपर्यंत चढून परत येणारा मोठा फेरा 7.8 मैलांचा आहे. मुलांबरोबर त्याच्या वाटेला जाऊ नका.

बाबागाडी कुठल्याच पर्यायात चालत नाही, चाकं खडीत रुततात. तान्ह्या बाळाला पाठीवरच्या किंवा पोटावरच्या कॅरियरमध्ये घ्या. कुत्र्यांना या वाटांवर मनाई आहे, आणि त्यांना गाडीत बंद करून जाणं हा पर्यायच नाही. ड्रोनलाही संपूर्ण उद्यानात बंदी आहे.

3. कागदपत्रं आणि सामान

आदल्या रात्री हे सगळं एका जागी काढून ठेवा:

- चालकाचा परवाना. भारतीय परवान्यावर चालवत असाल तर त्याबरोबर आंतरराष्ट्रीय परवाना आणि पासपोर्ट.
- भाड्याच्या गाडीचा करार आणि विम्याचा कागद. करारात कच्च्या रस्त्यावर गाडी नेण्याबद्दल काय लिहिलंय ते वाचून ठेवा.
- क्रेडिट किंवा डेबिट कार्ड. प्रवेश शुल्क एका गाडीला 30 डॉलर, सात दिवस चालतं. रोख पैसे घेत नाहीत. राष्ट्रीय उद्यानांचा वार्षिक पास असेल तर तो आणि त्यावर ज्याची सही आहे त्याचं ओळखपत्र.
- कार सीट. कॅलिफोर्नियात 8 वर्षांखालच्या मुलाला मागच्या सीटवर कार सीट किंवा बूस्टर सक्तीचा आहे (उंची 4 फूट 9 इंच झाली असेल तर सूट). दोन वर्षांखालच्या बाळाची सीट मागे तोंड करून लावावी लागते. गाडीबरोबर सीट आधीच नोंदवा, ऐन वेळी काउंटरवर मिळत नाही.
- पाणी. माणशी दिवसाला 4 लिटर. चौघांचे 16 लिटर, शिवाय गाडी बंद पडली तर म्हणून 8-10 लिटर डिकीत. त्यातलं प्रत्यक्ष फेऱ्यावर मोठ्यांनी प्रत्येकी 2 लिटर आणि मुलांनी किमान 1 लिटर पाठीवर न्यायचं.
- खारं खाणं: शेंगदाणे, चिवडा, खारी बिस्किटं. ओआरएसची तीन-चार पाकिटं. दिवसभर नुसतं पाणी पीत राहिलं आणि पोटात मीठ गेलं नाही, तर रक्तातलं सोडियम उतरतं. त्याची लक्षणं उष्माघातासारखीच दिसतात आणि माणूस आणखी पाणी पितो.
- पायात बंद बूट. चपला आणि सँडल नकोत, बारीक खडी आत जाते आणि मूल दर पाच मिनिटांनी थांबतं.
- रुंद काठाची टोपी, गॉगल, सनस्क्रीन, सकाळसाठी पातळ जाकीट.
- कागदी नकाशा, आणि फोनमध्ये आधीच उतरवून घेतलेला ऑफलाइन नकाशा.
- शिट्टी प्रत्येक मुलाच्या गळ्यात, विजेरी, ब्लिस्टरच्या पट्ट्या.

जेवणाचा डबा गाडीत ठेवा. घळीत सावलीची चांगली जागा मिळेलच असं नाही, आणि जड पोटाने चढणं मुलांना नको होतं.

4. लास वेगासहून रस्ता

अंतर सुमारे 120 मैल, वेळ दोन तास. शहराच्या दक्षिणेकडून नेवाडा 160 धरा आणि पहरम्प गाठा. इथे टाकी पूर्ण भरा, स्वच्छतागृह उरका, लागेल तो बर्फ घ्या. डेथ व्हॅलीच्या आत फर्नेस क्रीकला पंप आहे, पण दर ऐकून डोळे पांढरे होतात. पहरम्पमधून बेल व्हिस्टा रस्त्याने डेथ व्हॅली जंक्शन, तिथे 127 वर उजवीकडे वळलं की लगेच डावीकडे कॅलिफोर्निया 190. हा 190 थेट उद्यानात उतरतो. वाटेत राज्याची हद्द ओलांडली तरी घड्याळ तेच राहतं.

पहरम्पनंतर फोनला रेंज मिळेल हे गृहीत धरू नका. फर्नेस क्रीकला थोडीफार येते, घळीत अजिबात नाही. आणि जीपीएसने एखादा जवळचा कच्चा रस्ता सुचवला तर तो मुकाट्याने नाकारा. या उद्यानात जीपीएसच्या भरवशावर भलत्या रस्त्याला लागून माणसं जिवानिशी गेली आहेत. या बेतातली सगळी ठिकाणं डांबरी रस्त्यावर आहेत. डांबर संपलं म्हणजे तुम्ही चुकलात.

साडेपाचला निघालात तर पावणेआठपर्यंत झाब्रिस्की पॉइंटला पोचता.

5. आधी झाब्रिस्की पॉइंट, मग व्हिजिटर सेंटर

झाब्रिस्की पॉइंट 190 वरच, फर्नेस क्रीकच्या सुमारे 5 मैल अलीकडे आहे. वाहनतळापासून छोटा फरसबंदी चढ. इथे वीस मिनिटं द्या, कारण जी घळ खालून चालायची आहे ती इथून वरून दिसते. समोरचा टोकदार पिवळट सुळका म्हणजे मॅनली बीकन. 1849-50 च्या हिवाळ्यात या खोऱ्यात अडकलेल्या कुटुंबांसाठी पायी मदत आणायला गेलेल्या विल्यम लुईस मॅनलीचं नाव त्याला दिलं आहे. आपली वाट त्या सुळक्याच्या पायथ्याने जाते. मुलांना तो नीट दाखवून ठेवा, पुढे घळीत दिशा समजायला उपयोग होतो. ज्याच्या नावाने हा पॉइंट आहे तो ख्रिश्चन झाब्रिस्की पॅसिफिक कोस्ट बोरॅक्स कंपनीचा अधिकारी. हॅरी गावर, ज्याचं नाव गल्चला आहे, तोही त्याच कंपनीचा. इथल्या नकाशावर टाकणखार असा जागोजागी पसरलेला आहे.

तिथून खाली फर्नेस क्रीकचं व्हिजिटर सेंटर, सकाळी 8 ला उघडतं. इथे चार कामं: शुल्क भरणं, बाटल्या भरणं, स्वच्छतागृह, आणि रेंजरला दोन प्रश्न. 'आज गावर गल्च उघडा आहे का?' आणि 'डोंगरात कुठे पावसाचा अंदाज आहे का?' दुसरा प्रश्न विसरू नका, त्याचं कारण पायरी 9 मध्ये आहे. 20 ऑगस्ट 2023 ला हिलरी वादळात इथे एका दिवसात 2.2 इंच पाऊस पडला, म्हणजे जवळपास वर्षभराचा, आणि अख्खं उद्यान 15 ऑक्टोबरपर्यंत बंद राहिलं. रस्ते आणि वाटा अशा पावसानंतर महिनोन्‌महिने बंद राहू शकतात, त्यामुळे जुन्या माहितीवर विसंबू नका.

6. हार्मनी बोरॅक्स वर्क्स: इथे घाई करू नका

व्हिजिटर सेंटरच्या थोडं उत्तरेला, 190 वरच. फरसबंदी वाट, छोटा फेरा, आजी-आजोबांना आणि बाबागाडीलाही जमणारा. डिसेंबर-जानेवारीत घळीच्या आधी करा, कारण इथलं बघून गेलं की गावर गल्चच्या भिंतींतली भोकं (खाणींची तोंडं) कशासाठी खणली ते कळतं. नोव्हेंबर किंवा मार्चमध्ये ऊन लवकर चढतं, तेव्हा घळ आधी आणि हे नंतर.

गोष्ट मुलांना सांगण्यासारखी आहे. 1881 मध्ये ॲरन विंटर्स आणि त्याची बायको रोझी यांनी खोऱ्यातल्या पांढऱ्या पापुद्र्याचा नमुना घेतला, त्यावर गंधकाम्ल आणि अल्कोहोल ओतून पेटवलं आणि ज्योत हिरवी होते का ते बघितलं. हिरवी झाली, म्हणजे बोरॉन आहे. विल्यम टेल कोलमन या सॅन फ्रान्सिस्कोच्या व्यापाऱ्याने त्यांचा हक्क 20,000 डॉलरला घेतला आणि हा कारखाना उभा केला. काम चाललं 1883 ते 1888, फक्त पाच वर्षं.

इथे खाण अशी नव्हतीच. खोऱ्याच्या तळावर कापसाच्या बोंडासारखे पांढरे गोळे, युलेक्साइट नावाच्या खनिजाचे, आपोआप वर येत. चिनी मजूर ते खरवडून गोळा करत आणि इथे आणत. आता समोरच्या सांगाड्याकडे बघा. मधला गंजका बॉयलर पाणी तापवायचा. वरच्या टाक्यांत गरम पाणी, सोडा आणि हे खनिज एकत्र ढवळत, टाकणखार विरघळे, चुना आणि चिखल तळाला बसे. निवळ पाणी खालच्या पिंपांत सोडत, त्यात लोखंडी सळ्या टांगलेल्या असत. पाणी थंड होताना सळ्यांवर खडे जमत, ते ठोकून काढले की माल तयार. पाणी थंड होणं हीच उन्हाळ्यात अडचण व्हायची. हवाच इतकी तापलेली की पिंपातलं पाणी निवेना आणि खडे धरेनात, म्हणून उन्हाळ्यात काम आग्नेयेला अमार्गोसाच्या कारखान्यात हलवत.

बाजूला उभ्या आहेत त्या वाघिणी, म्हणजे माल वाहायच्या गाड्या. दोन गाड्या आणि मागे 1,200 गॅलन (सुमारे 4,500 लिटर) पाण्याची टाकी, अशी माळ. मागचं चाक 7 फूट उंच, तुमच्या दहा वर्षांच्या मुलाला त्याच्या शेजारी उभं करून फोटो काढा म्हणजे अंदाज येईल. ओढायला वीस जनावरं, त्यातली 18 खेचरं आणि सहसा 2 घोडे. इथून मोहावे स्टेशनपर्यंत 165 मैल, एका बाजूला साधारण दहा दिवस. पाण्याची टाकी का लागायची ते वेगळं सांगायला नको.

1888 मध्ये कोलमनचं दिवाळं वाजलं. मालमत्ता फ्रान्सिस मॅरियन स्मिथकडे गेली आणि त्याने 1890 मध्ये पॅसिफिक कोस्ट बोरॅक्स कंपनी काढली. तोवर डोंगरांत कोलमनाइट हे कठीण खनिज सापडलं होतं, आणि त्यासाठी मात्र खरोखर बोगदे खणावे लागणार होते. (मुलं विचारतील, एवढा खटाटोप कशाला? साबण, काच, चिनी मातीची झिलई, सोनाराचा डाग. आणि कॅरमवर टाकतो ती बोरिक पावडरही याच कुळातली.)

7. गोल्डन कॅन्यन चढणं

फर्नेस क्रीकहून 190 ने थोडं मागे, मग बॅडवॉटर रस्त्यावर दक्षिणेला 2 मैल. डावीकडे वाहनतळ. तिथे खड्ड्याची स्वच्छतागृहं आहेत, पाणी नाही. नऊ-साडेनऊनंतर जागा मिळणं अवघड होतं. रस्त्याच्या कडेला मऊ वाळूत गाडी घातली तर चाक रुततं, तेव्हा जागा नसेल तर थोडं थांबा किंवा हार्मनी आधी करा.

तुम्ही आत्ता समुद्रसपाटीच्या सुमारे 50 मीटर खाली उभे आहात.

घळीत शिरल्यावर पायाखाली अधूनमधून डांबराचे तुकडे दिसतील. इथे पूर्वी गाडीरस्ता होता, लोक आतपर्यंत गाडी नेत. फेब्रुवारी 1976 मध्ये चार दिवसांत 2.3 इंच पाऊस झाला आणि पुराने रस्ता उखडून नेला. तो पुन्हा बांधला नाही, हे बरंच झालं. त्या तुकड्यांची जाडी मुलांना दाखवा: पाणी इथे काय करू शकतं ते त्यात दिसतं.

दोन्ही बाजूंच्या पिवळ्या भिंती जुन्या तळ्यात साचलेल्या गाळाच्या आहेत. आडवे थर जमिनीच्या हालचालींनी तिरपे झालेत. काही सपाट थरांवर लाटांच्या सुरकुत्या स्पष्ट दिसतात, तळ्याच्या काठच्या ओल्या मातीवर उठतात तशाच. पहिला मैल रमतगमत चाला. बाजूच्या चिंचोळ्या फाट्यांत शिरायचा मोह मुलांना होईलच. एक-दोन फाट्यांत तुमच्यासह, नजरेच्या टप्प्यात जाऊ द्या, पण भिंतींवर चढू देऊ नका. हा दगड दिसतो घट्ट, हातात येतो भुगा होऊन. चढलेलं मूल उतरताना अडकतं.

पहिलं पाणी तहान लागायच्या आधी. हवा इतकी कोरडी असते की घाम क्षणात उडून जातो, शर्ट कोरडाच राहतो आणि आपल्याला घाम येतच नाही असं वाटतं. दर वीस मिनिटांनी चार-चार घोट, सगळ्यांनी एकदम.

8. फाट्यावरचा निर्णय

साधारण एक मैलावर खांब लागतो. सरळ गेलं की रेड कॅथीड्रल, उजवीकडे मॅनली बीकनच्या पायथ्याने गावर गल्च आणि झाब्रिस्की.

इथे थांबा, घड्याळ बघा, बाटल्या बघा. निम्म्यापेक्षा जास्त पाणी संपलं असेल, सर्वांत लहान मूल कुरकुरायला लागलं असेल, किंवा सकाळचे साडेदहा वाजून गेले असतील आणि मार्चचा महिना असेल, तर फेरा सोडा. रेड कॅथीड्रल अर्ध्या मैलावर आहे, तेवढं बघून आल्या वाटेने परत. दिवस वाया जात नाही. लोखंडाच्या गंजाने लाल झालेले ते उभे कडे या वाटेवरची सर्वांत देखणी जागा आहे. शेवटच्या टप्प्यात मोठ्या दगडांखालून वाकून जावं लागतं आणि अगदी टोकाला अरुंद, घसाऱ्याची धार आहे. त्या धारेच्या अलीकडेच थांबलात तरी कडे पूर्ण दिसतात.

फेरा करणार असाल तर उजवीकडे. हा पाऊण मैल अख्ख्या वाटेतला सर्वांत दमवणारा: उघडा, चढाचा, घसारा असलेला, एका बाजूला उतार. मुलांना मोठ्या माणसाच्या मागे एका ओळीत चालवा. बीकनवर चढणाऱ्या पायवाटा दिसतील, त्या वाटा नव्हेत, लोकांनी पाडलेल्या आहेत. खुणेचे खांब धरून चाला. एक खांब सोडून दुसरा दिसत नसेल तर मागच्या खांबापर्यंत परत या, कारण या मातकट टेकड्या सगळ्या सारख्याच दिसतात आणि इथेच माणसं भरकटतात.

खिंड ओलांडून उतरलं की दुसरा फाटा. डावीकडे झाब्रिस्की, उजवीकडे उतारावर गावर गल्च. दमलेली मंडळी इथे डावीकडे वळतात आणि वर पोचल्यावर लक्षात येतं की गाडी खाली राहिली. दोन गाड्या असतील आणि एक झाब्रिस्कीला आधीच लावली असेल तरच डावीकडे.

9. गावर गल्च आणि खाणींची तोंडं

उतार सुरू झाल्यावर घळ रुंद आणि खडीची होते. भिंतींत पांढऱ्या शिरा दिसतात, आणि मधेच भिंतीत काळी भोकं. हीच टाकणखाराच्या शोधात खणलेल्या बोगद्यांची तोंडं. खाली सांडलेला फिकट राडारोडा दिसला की वर कुठेतरी तोंड आहे असं समजा.

बाहेरून बघा, फोटो काढा, आत पाऊलही नको. पाच फूट जाऊन येतो, असंही नाही. हा दगड पावसाने भिजून सैल होतो, छताला आधार नसतो. बोगद्याच्या आत कधीकधी जमिनीतच उभी विहीर असते आणि उजेडातून अंधारात शिरलेल्या डोळ्यांना ती दिसत नाही. कोंडलेल्या हवेत प्राणवायू कमी असतो, त्याला वास नसतो, चक्कर येते तेव्हा फार उशीर झालेला असतो. सावली शोधणारे रॅटलस्नेकही तोंडाशीच बसतात. मुलांना 'आत भूत आहे' सांगण्यापेक्षा ही खरी कारणं सांगा, ती जास्त पटतात.

गंजका डबा, खिळा, लाकडाचा तुकडा सापडला तर जागेवर ठेवा. राष्ट्रीय उद्यानातून दगड, खनिज किंवा जुनी वस्तू उचलणं बेकायदा आहे, आणि पन्नास वर्षांपूर्वीचा फुटका डबाही ऐतिहासिक वस्तूत मोडतो. खिशांची झडती उतरायच्या आधी आईने घ्यावी.

आता पावसाबद्दल. 1941 मध्ये फर्नेस क्रीकचा नाला मुद्दाम कापून गावर गल्चमध्ये वळवला, म्हणजे पुराचं पाणी खालच्या वस्तीवर जाऊ नये. तेव्हापासून या छोट्याशा घळीत कितीतरी मोठ्या डोंगराळ प्रदेशाचं पाणी येतं. इथलं आकाश निळंशार असलं तरी मैलोन्‌मैल दूर पडलेल्या पावसाचा लोंढा खाली उतरू शकतो. लांबवर काळे ढग दिसले तर गावर गल्चमध्ये उतरू नका, गोल्डन कॅन्यननेच तडक परत फिरा. आत असताना गडगडाट ऐकू आला, तर पाण्याशी शर्यत न लावता बाजूच्या उंचवट्यावर चढा.

खालच्या टोकाला घळ अरुंद होते आणि एकदम संपते: समोर सुमारे 30 फुटांचा कोरडा धबधबा. इथून उतरायचा प्रयत्न करू नका. काठाच्या थोडं अलीकडे उजव्या हाताला कड्याला चिकटून पायवाट निघते. ती चिंचोळी आहे, एका बाजूला उतार आहे. लहानांचा हात धरा, त्यांना डोंगराच्या बाजूला ठेवा. पुढे डोंगराच्या पायथ्याने उत्तरेकडे जवळजवळ एक मैल चाललं की वाहनतळ. या शेवटच्या मैलाला सावलीचा पत्ता नाही, आणि रस्ता दिसत असल्याने सगळ्यांना वाटतं की पोचलोच. तेवढ्यासाठी माणशी अर्धा लिटर पाणी राखून ठेवा.

10. काही बिघडलं तर

डोकेदुखी, मळमळ, चक्कर, चिडचिड: थांबा, सावलीत बसा, ओआरएस द्या, टोपी आणि मानेवरचा रुमाल ओला करा. बरं वाटलं तरी पुढे न जाता जवळच्या बाजूने बाहेर पडा. बोलण्यात विसंगती आली, चालताना तोल जाऊ लागला किंवा अंग तापून कोरडं पडलं तर तो उष्माघात. अंगावर मिळेल ते पाणी ओता, वारा घाला, आणि बरोबरच्या एका मोठ्या माणसाला रस्त्यावर पाठवा. घळीत 911 लागत नाही. बॅडवॉटर रस्त्यावर गाड्यांची ये-जा असते, त्यातल्या एखादीला फर्नेस क्रीकच्या रेंजरकडे निरोप द्यायला सांगणं सर्वांत जलद.

म्हणूनच सकाळी निघतानाच कोणाला तरी, हॉटेलच्या काउंटरवर किंवा घरी, कुठली घळ आणि किती वाजता परत ते सांगून ठेवा.

गाडी बंद पडली तर गाडी सोडून चालत जाऊ नका. बॉनेट उघडं ठेवा, गाडीच्या सावलीत बसा. डिकीतलं 8-10 लिटर पाणी याच वेळेसाठी आहे.

परतीला तीनपर्यंत निघालात तर हिवाळ्यातही बराचसा रस्ता उजेडात होतो. अंधारात 190 वर दिवे नाहीत आणि कोयोटी, क्वचित रानटी गाढवंही, आडवी येतात. चालकाने शेवटचा चहा-कॉफी पहरम्पला घ्यावी आणि मागची मंडळी झोपली तरी पुढच्या सीटवरच्याने जागं राहावं.